हुक, बिजागरी आणि चाकं : बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात विमान कसं पाहावं

दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भारतीय नौदलाचं विमान संग्रहालय आहे. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरू झालं. बरेच लोक समुद्रावर जाता जाता अर्धा तास थांबतात, सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या मोठ्या विमानासमोर उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. एवढ्या वेळात विमानं दिसतात, पण कळत नाहीत. इथे किमान तीन तास हवेत, आणि तेही कोणत्या क्रमाने घालवायचे हे आधी ठरवून.

पहिली चूक वाराची होते. सोमवारी संग्रहालय बंद असतं. बाकीच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढून गोव्याला येणाऱ्यांचा नेमका हाच दिवस शिल्लक उरतो, म्हणून ही भेट सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवावी. दुसरी चूक विमानतळाची. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात आहे आणि दाबोळी संग्रहालयाच्या शेजारीच. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून पुढे जाऊ नये. जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाला उतरलात तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडून यावं लागतं. कोकण रेल्वेने येणारे सवयीने करमळीला उतरतात. पणजीला जायचं असेल तर ते ठीक, पण इथे यायचं तर मडगाव बरं. मडगावहून वास्को, तिथून बोगमाळोच्या दिशेची बस किंवा रिक्षा.

तिसरी गोष्ट हवामानाची. जवळपास सगळी विमानं उघड्यावर उभी आहेत. जून ते सप्टेंबर छत्री सावरत विमानाखाली वाकून पाहणं जमत नाही, आणि वाकून पाहिलं नाही तर इथलं निम्मं पाहायचं राहून जातं. कोरड्या महिन्यांतही भर दुपारी पत्र्यावरून ऊन असं परावर्तित होतं की रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीसुद्धा दिसत नाहीत. म्हणून दार उघडतानाच आत शिरायचं, अकरा-साडेअकरापर्यंत बाहेरची विमानं पाहायची, उन्हाच्या वेळात आतली दालनं करायची आणि चारनंतर पुन्हा बाहेर एक चक्कर मारायची. फोटोंचे नियम तिकीटखिडकीवर विचारून घ्यावेत. शेजारी आयएनएस हंसा हा नौदलाचा चालू तळ आहे. वरून लढाऊ विमान गडगडत गेलं तर मान वर करून बघावं, पण कुंपणापलीकडे कॅमेरा रोखू नये.

आता विमानांकडे. जमिनीवरून उडणाऱ्या आणि जहाजावरून उडणाऱ्या विमानांतला फरक नाकाकडे पाहून कळत नाही. तो तीन ठिकाणी असतो: शेपटीखाली हुक आहे का, पंखात बिजागरी आहे का, आणि चाकांचे पाय किती दणकट आहेत. जहाजाची धावपट्टी तोकडी असते म्हणून हुक लागतो, जहाजाच्या पोटातलं विमानं ठेवायचं हँगर अरुंद असतं म्हणून पंख दुमडावे लागतात, आणि डेक लाटांवर वरखाली होतं म्हणून पाय जाड करावे लागतात. प्रत्येक विमानापाशी प्रथम या तीन गोष्टी शोधायच्या, पाटी नंतर वाचायची. पाटी आधी वाचली की डोळे आळशी होतात.

सुरुवात सी हॉक या लढाऊ जेट विमानापासून करावी, कारण या तिन्ही खुणा त्याच्यावर स्वच्छ दिसतात. पंखावर धडापासून थोड्या अंतरावर एक आडवी फट दिसेल, तीच बिजागरी. पंख पसरलेला असताना विमानाची रुंदी सुमारे 12 मीटर असते, तो वर दुमडला की चार मीटरच्या आसपास उरते. म्हणजे एका विमानाच्या जागेत जवळजवळ तीन मावतात. मग शेपटीकडे जाऊन खाली बघायचं. धडाच्या मागच्या भागाखाली अरेस्टर हुकची जागा आहे. उतरताना हा हुक खाली सोडलेला असतो आणि डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत तो अडकतो. विमान दोन-तीन सेकंदांत थांबतं. तार चुकलीच तर पुन्हा उडता यावं म्हणून वैमानिक चाकं टेकताक्षणी इंजिनाचा जोर कमी न करता उलट पूर्ण वाढवतो. जमिनीवर उतरताना विमान शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकवतात, पण डेकवर तसं करायला जागाच नसते. ते ठरलेल्या उतारानेच येऊन आदळतं. सी हॉकचे पाय वासरासारखे बारीक नसून बैलासारखे भरलेले का आहेत, याचं उत्तर तिथे आहे.

सी हॉकमध्ये आणखी एक नजरेतून निसटणारी गोष्ट आहे. एका इंजिनाच्या जेट विमानात आग ओकणारं तोंड शेपटीच्या टोकाशी असावं अशी आपली समजूत असते. इथे शेपटीचं टोक बंद आहे. रोल्स रॉइसच्या नीन इंजिनाचा झोत धडातच दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी मागच्या कडेने दोन्ही बाजूंना बाहेर काढला आहे. नळी लांब असली की जोर वाया जातो, त्यामुळे ती आखूड ठेवली. वर धडाचा मागचा भाग मोकळा राहिला, तिथे इंधनाची टाकी बसली. पंखाच्या मुळाशी उभं राहून पुढचं हवा घेणारं तोंड आणि मागचं झोत सोडणारं तोंड एका ओळीत पाहिलं की ही रचना लगेच डोक्यात बसते.

1971 च्या युद्धात आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजावरून सी हॉक उडाली ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बझारवर. तारीख 4 डिसेंबर. त्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि जहाजाचा वेग मर्यादित होता. बॉयलरचा आणि विमानाचा संबंध असा, की विमान सोडताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात धावतं. जहाजाचा वेग अधिक समोरचा वारा, एवढा वेग विमानाला फुकट मिळतो. जहाज सावकाश असेल आणि वारा पडलेला असेल, तर उरलेला सगळा भार विमानाला डेकवरून पुढे फेकणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या कॅटपुल्टवर येतो, किंवा विमानात बॉम्ब आणि इंधन कमी भरावं लागतं. ही गोष्ट मनात ठेवून शेजारच्या अलिझेकडे वळावं, कारण वाऱ्याची चणचण त्याला अधिक जाचायची.

अलिझे हे फ्रेंच बनावटीचं, तीन माणसांचं, पाणबुड्या शोधणारं विमान. पुढे एकच प्रॉपेलर, त्यामागे रोल्स रॉइस डार्ट इंजिन. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) कानपूरला बांधलेल्या ‘अ‍ॅव्हरो’ विमानातलं इंजिन याच घराण्यातलं. पंखांवर दोन बाजूंना जाड, लांबट फुगीर पेट्या आहेत. त्या इंजिनांच्या नाहीत, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. त्यांत मुख्य चाकं मिटून बसतात आणि पुढच्या भागात सोनोबॉय भरलेले असतात. सोनोबॉय म्हणजे समुद्रात टाकायचा नळकांड्यासारखा तरंगता कान. तो पाण्याखालचा आवाज टिपतो आणि रेडिओवरून विमानाला कळवतो. आता गुडघे टेकून पोटाखाली बघायचं. तिथल्या गोल झाकणाजागी रडारचा घुमट असतो. उड्डाणात तो पिंपासारखा खाली सोडतात आणि उतरण्याआधी आत ओढून घेतात. तो आत घ्यायला विसरलं तर काय होईल, हे जमिनीपासूनचं अंतर बघून समजतं.

सी हॅरियरकडे आलात की तिन्ही खुणा नापास होतात. हुक नाही, पंख दुमडत नाही आणि चाकांची मांडणी भलतीच आहे. हाच त्या विमानाचा मुद्दा आहे: हे लढाऊ विमान तारेच्या आधाराशिवाय हवेत तरंगत उभं उतरतं. पहिली तीन सी हॅरियर 16 डिसेंबर 1983 ला याच दाबोळीला उतरली आणि 11 मे 2016 ला हंसावरच त्यांना निरोप दिला गेला. वाघाचं तोंड असलेलं चिन्ह 300 क्रमांकाच्या पथकाचं, ‘व्हाइट टायगर्स’चं. आधी सी हॉक, मग सी हॅरियर आणि आता मिग-29के, असा त्या पथकाचा वारसा आहे.

हॅरियरभोवती सावकाश एक पूर्ण फेरी मारावी. धडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार फिरती तोंडं दिसतील. पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा येते आणि मागच्या दोनांतून जळलेल्या वायूचा तापलेला झोत. म्हणून मागच्या तोंडांजवळच्या पत्र्याला उष्णतेपासून वाचवणारं वेगळं आवरण आहे. चारही तोंडं एकत्र फिरतात. मागे वळली की विमान पुढे जातं, खाली वळली की उभं तरंगतं, आणि 98 अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या थोडं पलीकडे, वळली की हवेतच ब्रेक लागतो. विमान तरंगत असताना पंखावरून हवा वाहत नाही, त्यामुळे नेहमीचे सुकाणू निकामी होतात. मग तोल कसा सांभाळतात? नाकाच्या टोकाशी, शेपटीच्या टोकाशी आणि दोन्ही पंखांच्या टोकांना छोटी छिद्रं शोधा. इंजिनातून काढलेली दाबाखालची हवा त्यांतून फुंकली जाते. ही छिद्रं न पाहता हॅरियर पाहिलं म्हणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चाकं एका ओळीत आहेत, सायकलसारखी, एक पुढे आणि जोडचाक मागे. पोटात इंजिन आणि तोंडं बसल्यावर नेहमीच्या पायांना जागा उरली नाही, म्हणून पंखांच्या टोकांना दोन बारीक आधारचाकं दिली. गोव्याच्या उकाड्यात या विमानाची खरी परीक्षा व्हायची. हवा तापली की विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. त्यावर उपाय म्हणून सुमारे 225 किलो पाणी सोबत नेऊन उभं उतरताना ते इंजिनात फवारायचे. ते साधारण दीड मिनिटच पुरतं. म्हणजे जहाजाच्या शेजारी येऊन तरंगायचं, बाजूला सरकायचं आणि टेकायचं, हे सगळं त्या हिशेबात. देखभाल करणाऱ्यांचा त्रास वेगळाच होता. पेगॅसस इंजिन बदलायचं तर आधी वरून अख्खा पंख उचलून बाजूला ठेवावा लागे. पंख दुमडत नसला तरी नाक मात्र दुमडतं. रडारचं टोक बाजूला वळवता येतं, त्याची फट कॉकपिटच्या पुढे दिसते.

हॅरियरसमोर वेळ गेल्यावर व्हॅम्पायर, डेव्हन, ह्यूज 300 आणि एचटी-2 यांना थोडक्यात उरकलं तरी चालेल, पण वगळू नये. व्हॅम्पायर टी-55 च्या धडाचा पुढचा भाग लाकडी आहे. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड. बोटाने टिचकी मारायचा मोह होईल, तो आवरावा, कारण लाकडात ओल शिरली की थर सुटतात आणि ते पुन्हा बसवणारे कारागीर फार कमी उरलेत. एचटी-2 हे छोटं प्रशिक्षण विमान 1951 मध्ये पहिल्यांदा उडालं. ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचएएलमध्ये आखलं गेलं. मूळचे कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीत गटिंगनला हवेच्या प्रवाहाचे नामवंत शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकले होते. मराठी माणसाने तरी तिथे दोन मिनिटं थांबावं.

सीलँड मात्र चुकवू नका. नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवातच या विमानाने झाली. 1953 मध्ये कोचीला अशी विमानं आली, एकूण दहा, आणि त्याच वर्षी 11 मे रोजी आयएनएस गरुड हा पहिला हवाई तळ सुरू झाला. सीलँडच्या धडाचा तळ होडीसारखा आहे, ते पाण्यावरही उतरतं. पंखांच्या टोकांखाली तरंगे, इंजिनं उंच पंखावर, म्हणजे पाण्याचे तुषार प्रॉपेलरवर कमी उडावेत. तळाच्या मध्यावर जी पायरी दिसते ती सजावट नव्हे. पाणी तळाला चिकटून विमानाला ओढून धरतं. ठरावीक वेगाला ही पायरी पाण्याला तळापासून सोडवते, मगच विमान वर उठतं. जगात अशी मोजकीच सीलँड शिल्लक आहेत. जवळच्या फायरफ्लाय विमानावर बंदुकी शोधत बसू नये. नौदलाने ते नेमबाजीच्या सरावाचं लक्ष्य ओढण्यासाठी वापरलं. लांब दोरावर कापडी नळा ओढत ते जायचं आणि खालच्या जहाजांचे तोपची त्या नळ्यावर नेम धरायचे. हनुवटीखालचा फुगवटा म्हणजे ग्रिफन इंजिनाचा रेडिएटर.

हेलिकॉप्टरांत कामोव्ह-25 सर्वांत बोलकं आहे. एकावर एक दोन पंखे, उलट दिशांना फिरणारे, त्यामुळे शेपटीचा पंखा लागत नाही. शेपूट गेल्याने धड दहा मीटरपेक्षाही आखूड झालं आणि विनाशिकेच्या छोट्या हँगरमध्ये मावलं. 1980 मध्ये सेवेत आलेल्या आयएनएस राजपूतसारख्या जहाजांसोबत हे आलं. त्याच्या शेजारी सी किंग ठेवून पाहिलं की दुसरा मार्ग दिसतो: हँगर मोठं मिळालं म्हणून पाच पात्यांचा मोठा पंखा, पण पाती आणि शेपटी दोन्ही दुमडणारी. पोट होडीसारखं आहे आणि त्यातून सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, तारेवर पाण्यात सोडतात. चेतक सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून लोक थांबत नाहीत. विमानवाहू जहाजावर मात्र उड्डाणं सुरू होण्याआधी चेतक हवेत जायचं आणि शेवटचं विमान उतरेपर्यंत बाजूला घिरट्या घालायचं. कुणी समुद्रात पडलं तर उचलायला.

आता सुपर कॉन्स्टेलेशन. 34 मीटरांहून लांब, माशासारखं वळणदार धड, शेपटीला तीन उभे पंख. एकच उंच शेपूट दिली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं. पुढचा पाय उंच, कारण प्रॉपेलर प्रचंड. प्रत्येक राइट आर-3350 इंजिनाला 18 सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारे दोन प्लग, म्हणजे चार इंजिनांचे मिळून 144 प्लग. धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर फिरणारी तीन टर्बाइन वाया जाणारी ताकद परत इंजिनाच्या दांड्यावर आणतात. कल्पना उत्तम, पण ही टर्बाइन आणि धुराडी सतत तापून तडकायची. एअर इंडियात प्रवासी नेलेली ही विमानं पुढे हवाई दलात आणि 1976 मध्ये सागरी गस्तीसाठी नौदलाकडे आली. या जागेशी त्यांच्या घराण्याचं जुनं नातं आहे. गोवा मुक्तीच्या कारवाईत 18 डिसेंबर 1961 ला हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरी त्या रात्री डागडुजी केलेल्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं निसटून कराचीला गेली. त्यांतलं एक कॉन्स्टेलेशन होतं.

या सगळ्या विमानांचा आजचा शत्रू समोरच आहे. खारा वारा. पंखाच्या मागच्या कडा, झाकणांच्या कडा आणि स्क्रूंच्या भोवती रंगाला फोड आलेले दिसतात. त्याखाली अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होत असते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू बसला आणि मधे खारट ओल आली की पत्रा खाल्ला जातो. मॅग्नेशियमचे ओतीव भाग त्याहून लवकर जातात, म्हणून चाकांच्या तबकड्या आणि हेलिकॉप्टरांचे गिअरबॉक्स आधी पाहावेत. वर नवा रंग चढवला तर विमान फोटोत छान दिसतं, पण आतली ओल कोंडली जाते. पंखाच्या तळाला पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रं असतात. ती रंगाने किंवा गांधीलमाशांच्या मातीने बुजली की पावसाळाभर पाणी आत साचतं. कॉकपिटच्या काचा पिवळ्या पडणं, त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा येणं, हे उन्हाचं काम. अशी विमानं छताखाली जायला हवीत, आणि तीही लवकर.

दुपारी आतली दुमजली इमारत. तिथे बॉम्ब, पाणतीर, वैमानिकांचे पोशाख, विक्रांत आणि विराट या विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती, गोवा मुक्ती आणि पाकिस्तानबरोबरच्या युद्धांची दालनं आहेत. विक्रांतच्या प्रतिकृतीवर तिरपं डेक, कॅटपुल्टची रेघ आणि लिफ्टचे चौकोन शोधा. विराटच्या पुढच्या टोकाचा 12 अंशांचा चढ पाहा, हॅरियर भरलेल्या टाकीनिशी त्यावरूनच उडत असे. सकाळी बाहेर पाहिलेल्या हुकला आणि बिजागरीला जागा इथे सापडते. काचेमागच्या वस्तूंचे फोटो घेताना फ्लॅश बंद करावा आणि भिंग काचेला टेकवावं, नाहीतर आपलंच प्रतिबिंब येतं.

चारनंतर बाहेर आलं की ऊन तिरपं असतं आणि सकाळी न दिसलेले रिव्हेट, ठिगळं, जुन्या रंगाखालचे आकडे उठून दिसतात. आता क्रमांक वाचायचे. आयएन पुढे तीन आकडे. सी हॅरियरचे सहाने सुरू होतात, अलिझेचे दोनने. रंगाचे थर चढून आकडे बुजले असतील तर बाजूने, नजर पत्र्याला समांतर ठेवून पाहावं. साडेपाचला दार बंद होतं, म्हणून ही चक्कर सुपर कॉन्स्टेलेशनपासून सुरू करून फाटकाच्या दिशेने यावी.